बाराव्या अंकातली पट्टी

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिकेसाठी माझ्याकडे तीन वेळा लेख मागितला. चित्रकलेच्या सरांवर लिहा, तुमच्याइतकं जवळून त्यांना कुणी पाहिलेलं नाही, असा त्यांचा आग्रह. पहिल्या वेळी मी डोळ्यांच्या ऑपरेशनचं कारण सांगितलं. दुसऱ्या वेळी गणिताच्या एका जुन्या शिक्षकांवर दोन पानं लिहून पाठवली आणि सुटलो. तिसऱ्या वेळी फोनवर हो म्हणालो आणि त्यानंतर आठ दिवस कागदाकडे फिरकलो नाही. जवळून पाहिलं हे खरं, आणि टाळण्याचं कारणही तेच. त्यांच्या चार गमती सांगून मला थांबता येणार नाही, आणि पुढचं सांगायचं तर स्वतःबद्दल सांगावं लागतं. आता वय सत्त्याहत्तर आहे. सांगून टाकतो.

धुळ्याला देवपुरात आमची शाळा. मी तिथे पर्यवेक्षक होतो. सगळा स्टाफ मला नाना म्हणायचा, चित्रकलेचे सरही म्हणायचे. मी त्यांना सर म्हणायचो. ते मूळचे चोपड्याचे, वडील तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. लग्न केलं नव्हतं. उंच, किंचित पोक आलेले, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी दोऱ्याचं रीळ. मुलं त्यांना 'खळ सर' म्हणायची, कारण त्यांच्या हातात कायम स्टीलची एक वाटी असे आणि वाटीत मैद्याची खळ. खळीत ते चिमूटभर मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. डबा खायच्या आधी दोनदा हात धुवायचे आणि तरी बोटांना निळसर रंग राहायचा.

ही खळ कशासाठी, ते सांगतो.

ते राहायचे शाळेच्या मागच्या कॉलनीत, एका घराच्या वरच्या खोलीत. खाली घरमालकाची आई, अक्का. ऐंशीच्या पुढची बाई. केबल घरोघर आलेली होती. संध्याकाळी अक्कांच्या टीव्हीवर एका परदेशी वाहिनीवर एक कार्टून मालिका लागायची, इंग्रजीत. अंतराळात लहान-लहान ग्रहांच्या मधून एक जुनाट बस फेऱ्या मारते, त्या बसमधल्या लोकांची ती विनोदी मालिका. बस चालवणारी एक बाई, चार हातांचा कंडक्टर, काचेचा बनलेला एक तिकीट तपासनीस, आणि एक म्हातारा प्रवासी, जो कितीतरी वर्षांपूर्वी बसमध्ये चढला आणि ज्याचं गाव अजून आलेलं नाही. अक्कांना चित्रं आवडायची, बोलणं कळायचं नाही. त्या विचारायच्या, "मास्तर, ह्या काय बोली ऱ्हायनात?" मग सर त्यांच्या शेजारी बसून सांगायचे. शाळेत ते इतकी शुद्ध मराठी बोलायचे की त्यांना अहिराणी येते हे कित्येकांना माहीत नव्हतं. अक्कांना मात्र अहिराणीतच सांगावं लागे. त्यांचं इंग्रजीही यथातथाच, त्यामुळे निम्मं समजून आणि निम्मं मनाचं.

सहा-सात महिन्यांनी ती मालिका दिसेनाशी झाली. अक्का रोज विचारायला लागल्या, "ती बस कोठे गयी रे भाऊ?"

त्याच सुमाराला जळगावला एका रद्दीच्या दुकानात त्यांना परदेशी चित्रमासिकांचा गठ्ठा सापडला. त्याच मालिकेवरून काढलेली चित्रकथा होती ती, एकापुढे एक असे बारा अंक. मालिका जिथे थांबली होती, तिथून पुढची गोष्ट त्यात होती. ते मला सांगायचे की, तो गठ्ठा मांडीवर घेऊन जळगावहून येताना दोनदा सुतळी सोडली आणि दोनदा पुन्हा बांधली, पण एकही पान उघडलं नाही.

त्यांनी त्या अंकांमध्ये अहिराणी घालायला घेतली. पद्धत अशी. चित्रातल्या माणसाच्या तोंडापाशी बोलण्याचा जो फुगा असतो, तो आधी दोऱ्यानं मोजायचा. त्या मापाची पांढऱ्या कागदाची पट्टी कापायची. पट्टीवर बारीक ब्रशनं अहिराणी संवाद लिहायचा. मग पट्टीच्या फक्त वरच्या कडेला खळीचं बोट फिरवून ती फुग्यावर बसवायची. खालची बाजू मोकळी. उचलली की खालचं इंग्रजी वाचता यायचं.

मी एकदा म्हणालो, "सर, पूर्ण चिकटवा की. फडफडतंय सगळं."

"नाही नाना. ते बोलणं ज्याचं आहे त्याचं आहे. आपण वरून पदर घ्यायचा. गळा नाही दाबायचा."

दुसरा नियम त्याहून विचित्र होता. ते पुढचं पान वाचत नसत. एका पानावरचे सगळे फुगे झाले, ते पान अक्कांना वाचून दाखवलं, की मगच पुढचं. चुकून नजर जाऊ नये म्हणून समोरच्या पानावर कोरा कागद टाचणीनं अडकवून ठेवायचे. मी हसायचो. ते म्हणायचे, "अक्कांना पुढचं माहीत नाही आणि मला माहीत असलं, तर मी वाचताना खोटं वाचेन."

एका पानाला आठवडा लागे, कधी दोन. शब्दांसाठी ते कुणालाही थांबवायचे. पांझरेच्या पुलावर भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला त्यांनी विचारलं होतं की, चार हातांचा माणूस कामचुकारपणा करत असेल तर त्याला कसं झापशील. तिनं जे सांगितलं ते पट्टीवर लिहिण्यासारखं नव्हतं, पण वहीत टिपून घेतलं त्यांनी. एकदा आम्ही दोघं परीक्षेच्या कामासाठी यावलला चाललो होतो. बसमध्ये ही गर्दी. त्यांनी कंडक्टरला गंभीरपणे विचारलं, "भाऊ, तुम्हाला चार हात असते तर पहिलं काय केलं असतं?"

कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "पयले तुमले खाले उतारतू."

सर इतके खूश झाले की मला वाटलं, त्याला मिठी मारतात. ते वाक्य सातव्या अंकात आहे. म्हणजे होतं.

त्या म्हाताऱ्या प्रवाशावर त्यांचा विशेष जीव. तो दर पाच-सहा पानांनी खिडकीतून बाहेर बघून ड्रायव्हर बाईला विचारतो, "मनं गाव कव्हय येई वं माय?" आणि ती म्हणते, "बठ ना भो. गाव काय पयी जाई ऱ्हायनं का?" गाव काय पळून चाललंय का, असं तिचं उत्तर. हे वाचून दाखवताना सरांचा आवाज बदलायचा. अक्का पदर तोंडाला लावून हसायच्या आणि हसता हसता गप्प व्हायच्या.

मी ते वाचन पुष्कळदा ऐकलं. माझं घर जवळच होतं, पत्नी माहेरी गेली की मी तिकडेच चहाला असायचो. मला त्यांचा मित्र म्हणायला हरकत नाही. निदान तेव्हा नव्हती.

पुढे शाळेतल्या मुलांना कळलं आणि मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या वर्गात गर्दी व्हायला लागली. जी मुलं अहिराणीत बोलली म्हणून इतर शिक्षकांचा मार खायची, ती तिथे मोठ्यानं वाचायची. मुख्याध्यापक निवृत्त व्हायला आले होते, त्यांनी कानाडोळा केला. स्नेहसंमेलनात या अंकांचं प्रदर्शन मांडावं ही कल्पना माझी. सर तयार नव्हते. "अक्कांसाठी आहे हो हे," म्हणाले. मीच मागे लागलो.

आता अध्यक्षांबद्दल. आमच्या संस्थेचे अध्यक्ष व्यासपीठावर पुस्तकी मराठी बोलायचे, पण रागावले की त्यांच्या तोंडून गावची अहिराणी बाहेर पडायची. एक वाक्य ठरलेलं होतं. कुणी मागे काही बोललं असा संशय आला की खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणायचे, "मन्ही खुर्चीले बी कान शेतस!" माझ्या खुर्चीलाही कान आहेत, अशी ती धमकी. सगळा स्टाफ त्यांच्या माघारी ती नक्कल करायचा. मी सगळ्यांत चांगली करायचो.

संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. निमंत्रणपत्रिकेत एका पाहुण्यांचं नाव खाली छापलं गेलं होतं. क्लार्क, शिपाई, दोन पालक यांच्या देखत त्यांनी मला उभं ठेवून बोल लावले आणि शेवटी ते वाक्य ऐकवलं. मुख्याध्यापक व्हायची पाळी माझी होती, पुढच्या जूनमध्ये, आणि ते ठरवणार होते अध्यक्ष. मी हो हो करत बाहेर आलो.

तसाच चित्रकलेच्या वर्गात गेलो. सर जेवायला गेले होते. बेंचांवर अंक मांडलेले, प्रत्येकाला दोरी बांधलेली. बारावा अंक अर्धा झालेला होता. डावं पान पट्ट्यांनी भरलेलं, उजव्यावर तो कोरा कागद. मी कागद उचलला. काचेचा तपासनीस बोट रोखून उभा होता आणि त्याच्या तोंडाशी छोटासा फुगा. मी एक पट्टी कापली. त्यांच्यासारखं अक्षर काढायला मला जमायचं, पूर्वी फलक लिहायला मदत केली होती. लिहिलं, "मन्ही खुर्चीले बी कान शेतस!" खळीची वाटी दिसली नाही. ऑफिसातून डिंकाची बाटली आणली, मागून सगळीकडे फासला आणि पट्टी दाबून बसवली. वर कोरा कागद पुन्हा टाचला. सर जेवून आले की त्यांना दाखवीन, दोघं पोट धरून हसू, मग काढून टाकू, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात मंडपवाला आला म्हणून शिपाई बोलवायला आला. मी गेलो तो संध्याकाळपर्यंत त्यातच. पट्टीची आठवण दुसऱ्या दिवशी अध्यक्ष वर्गात शिरले तेव्हा झाली.

सरांना ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्या कागदाखाली ते कधी बघत नसत.

अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आले. पहिला अंक त्यांनी उभ्या उभ्या चाळला आणि चेहराच खुलला. "आरे वा! हाई तं आपली बोली शे!" म्हणाले, आणि मोठ्यानं वाचायला लागले. कंडक्टरचा संवाद वाचला, पाहुणे हसले. सरांच्या पाठीवर थाप मारली. "मास्तर, तुम्ही इतके दिवस लपवून ठेवलं हे?" सर लाजून मोरचुदाची बोटं पाठीमागे लपवत होते. त्यांना तितकं आनंदात मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. मी दारापाशी होतो. चार पावलं पुढे जाऊन अंक बाजूला घेता आला असता, काहीही निमित्त करून. मी जागचा हललो नाही.

बारावा अंक त्यांनी हातात घेतला, टाचणी काढली, कागद बाजूला केला आणि त्याच भरात ते वाक्य स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या आवाजात वाचलं. मागे उभी असलेली मुलं फिस्सकन हसली. पाहुण्यांना वाटलं, अध्यक्षांनी गंमत केली, तेही हसले. अध्यक्षांनी अंक मिटला आणि बाहेर गेले.

चौथ्या दिवशी चौकशी. मुख्याध्यापक, एक संचालक, आणि इतिवृत्त लिहायला मी. सरांना समोर स्टुलावर बसवलं. संचालकांनी अंक उघडून पुढे सरकवला. "हे तुम्हीच लिहिलं का?"

सरांनी अंक जवळ घेतला.  मग सवयीनं पट्टीच्या खालच्या कडेला नख लावलं. पट्टी उचलली गेली नाही. त्यांनी थोडा जोर दिला, तसा खालच्या पानाचाच पापुद्रा पट्टीबरोबर निघून आला.  बोट नाकाशी नेलं. टेबलावर माझ्या हाताशी डिंकाची बाटली होती, तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

त्या अंकातल्या शेकडो पट्ट्या खळीनं वरच्या कडेला लावलेल्या, ही एकच डिंकानं. ही माझी नाही, हे त्यांना तिथल्या तिथे दाखवून देता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. 

त्यांनी पट्टीवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "माझीच आहे."

मी लिहिलं: 'सदर पट्टी आपणच लिहिल्याचे संबंधितांनी मान्य केले.' ते इतिवृत्त शाळेत आजही असेल. ते खोटं आहे. पट्टी मी लिहिली होती. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. तेच म्हणाले, "नाना, डिंकानं कागद खराब होतो." आणि हात धुवायला नळाकडे गेले.

त्यांची बदली संस्थेच्या यावलकडच्या शाखेत झाली. आक्षेपार्ह साहित्य नष्ट करावं असं ठरलं. ते अंक त्यांचे खासगी होते, शाळेचा त्यावर काही हक्क नव्हता, हे मला माहीत होतं. सरांनी एकच विनंती केली होती की, अंकांचं काय करायचं ते करा, पट्ट्या तेवढ्या काढून घेऊ द्या, अक्कांना पुन्हा वाचून दाखवायच्या आहेत. त्या अर्जावर 'नियमात बसत नाही' हा शेरा माझा आहे. अकरा अंक शाळेच्या मागे शिपायानं जाळले. बारावा पुरावा म्हणून फायलीत ठेवला. निवृत्त होताना तो मी उचलून घरी आणला. कपाटात आहे.

अक्कांना त्यांनी सांगितलं, बस बंद पडली. मी तिथे होतो, सामान बांधायला मदत करायला म्हणून गेलो होतो. अक्का म्हणाल्या, "मंग धक्का द्या ना तिले." सर हसले. ट्रंकेचं कुलूप त्यांना लागेना, मी लावून दिलं. पुढल्या वर्षी अक्का गेल्या.

जूनमध्ये मी मुख्याध्यापक झालो. एकदा तपासणीला त्या शाखेत जावं लागलं. तिथे चित्रकलेचे तास नव्हते, त्यांना कार्यानुभव दिला होता. मुलांकडून केळीच्या खोडाच्या सालींच्या, सोपटाच्या, दोऱ्या वळून घेत होते. मला बघून उभे राहिले आणि म्हणाले, "या सर." नाना म्हणाले नाहीत. मी वहीत 'काम समाधानकारक' लिहून सही केली. त्यांच्या बोटांवर निळा रंग नव्हता.

नंतरची वर्षं मी त्यांच्याविषयी कुणाकडे चौकशी केली नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीचं निधन झालं. तिला ही गोष्ट ठाऊक होती. आजारपणात तिनं दोनदा विचारलं, "जाऊन आलात का चोपड्याला?" दिवस झाले आणि पंधरवड्यात मी गेलो.

पुतणीकडे राहत होते. ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले, हात सारखे थरथरत होते. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. "नाना! अहो, किती वाळलात!" मग पुतणीला हाक मारली, "चहा टाक गं, साखर कमी, नानांना डायबेटिस आहे." ही गोष्ट मी त्यांना वीस वर्षांपूर्वी कधीतरी सांगितलेली. अर्धा-पाऊण तास बोललो. पेपरातल्या व्यंगचित्रांवर ते चिडलेले होते. "चित्र काढतात आणि मग चित्रात काय आहे ते खाली लिहितात. वाचणारा आंधळा आहे का?" पुतणी म्हणाली, "आबा, हळू. बीपी वाढेल." तिला ते म्हणाले, "वाढू दे. दुसरं काय वाढायचं राहिलंय आता?"

मी वाक्य तयार करून गेलो होतो. चहा झाला, बिस्किटं झाली. पुतणी कप घेऊन आत गेली.

तेव्हा ते माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत म्हणाले, "नाना, एक विचारू? त्या पट्टीखाली मूळ काय होतं हो? मी पुढचं पान वाचलेलं नव्हतं. आणि नंतर ते फाटलं."

आवाजात कसलाही राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. शिवाय मला वाटतं, त्यांनी मला दार उघडून दिलं होतं, आत येणं सोपं जावं म्हणून.

मला माहीत होतं. पट्टी बसवण्याआधी मी वाचलं होतं. दोनच शब्द होते. तपासनीस म्हाताऱ्याला म्हणतो, 'तिकीट दाखवा.'

मी म्हणालो, "मला कसं माहीत असणार, सर?"

त्यांनी मान हलवली. "हो, तेही खरंच," म्हणाले, आणि धुळ्याला यंदा ऊन फार आहे का असं विचारलं.

मी उठलो. ते फाटकापर्यंत आले, पुतणीच्या खांद्यावर हात ठेवून. मी चपला घालत होतो तेव्हा म्हणाले, "इतक्या लांब आलात. काही काम होतं का?"

"नाही, इकडे एका नातेवाइकाकडे आलो होतो, म्हटलं भेटून जावं," मी म्हणालो. चोपड्यात माझं कुणी नातेवाईक नाही.

गेल्या वर्षी पुतणीचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाली.

फाटकाशी मी जे बोलणार होतो, ते असं होतं: सर, ती पट्टी माझी होती. तुम्ही अंगठा ठेवलात तेव्हा मी बोलायला हवं होतं आणि मी लिहीत बसलो. तुमच्या पट्ट्या माझ्या शेऱ्यामुळे जळाल्या. माझं चुकलं. मला माफ करा.